टाकाऊ कुणी ठरवायचे?

आमच्या कोकणातल्या घरांतून वस्तू एकदम टाकली जात नाही. तिच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. बैठकीतली खुर्ची खिळखिळी झाली की पडवीत येते, पडवीतून परसात जाते आणि तिथेही तिचा उपयोग संपला की चुलीत. आखाताचा पैसा आला, कौलांच्या जागी स्लॅब आले, तरी ही सवय गेली नाही. चालती वस्तू कुणी टाकायला काढली की दादी म्हणायची, "हा इसराफ आहे." घरात चणचण होती म्हणून ती असे म्हणत नसे. वस्तूत जेवढा जीव आहे तेवढा वापरावा, हा तिचा साधा हिशेब होता.

संगणकाच्या बाबतीत मात्र हा हिशेब घालणे अवघड जाते. खुर्ची मोडली हे बसणाऱ्याला कळते. संगणक टाकाऊ झाला हे दुसराच कुणीतरी सांगतो. कधी दुकानदार सांगतो, कधी कंपनी सांगते, कधी पडद्यावर एक सूचना येते आणि आपण मान डोलावतो. मी एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. बी.एड. करताना जेवढा संगणक शिकवला जातो तेवढाच मीही शिकले होते. पण शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडे आली आणि त्याबरोबर हा प्रश्नही आला: जुन्या प्रोसेसरचे संगणक आज वापरण्याच्या लायकीचे राहिले आहेत का? २०२५च्या ऑक्टोबरनंतर तर हा प्रश्न आमच्या शाळा समितीच्या बैठकीत विषयपत्रिकेवरच आला. त्या निमित्ताने मी जो हिशेब मांडला तो या पानांवर मांडते आहे, कारण असे कक्ष आणि असे प्रश्न आपल्या अनेक गावांतून आहेत.

आमच्या कक्षात १२ संगणक आले ते २०१९ साली. गावचे एक गृहस्थ मुंबईत नोकरीला आहेत. त्यांच्या ऑफिसने जुने संगणक बदलले तेव्हा त्यांनी ते भंगारवाल्याच्या हाती जाऊ न देता टेम्पोत घालून शाळेला पाठवले. त्यात आठ कोअर टू ड्युओ होते आणि चार दुसऱ्या पिढीचे आय-थ्री. पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. मंडणगड-दापोलीकडच्या आम्हा लोकांना ते वादळ विसरता येणार नाही. शाळेचे पत्रे उडाले आणि संगणकांवर पाऊस पडला. गावात वीज यायला कित्येक दिवस लागले. तेवढ्या अवधीत आम्ही डबे उघडून, पुसून, उन्हात वाळवून ठेवले. वीज आली तेव्हा १२ पैकी १० सुरू झाले. दोन कोअर टू ड्युओचे मदरबोर्ड गंजून गेले होते. त्यांचे प्रोसेसर काढून दुसऱ्या डब्यांत बसवून पाहिले, तर दोन्ही शाबूत!

यातून पहिली गोष्ट ध्यानात आली. प्रोसेसर सहसा मरत नाही. मरतात ती त्याच्या आजूबाजूची माणसे, म्हणजे मदरबोर्ड, एसएमपीएस, पंखा, हार्ड डिस्क. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच "सीपीयू" म्हणतात. पण खरा सीपीयू म्हणजे त्या डब्याच्या पोटात, पंख्याखाली दडलेली, काडेपेटीपेक्षाही लहान अशी चौकोनी चकती. तिच्यात हलणारा एकही भाग नाही. तिच्यावरचे ग्रीस वाळले, पंख्यात धूळ बसली, आत पालीने घर केले की ती तापते आणि आपणहून वेग कमी करते. आपण म्हणतो, "संगणक म्हातारा झाला." खरे तर त्याला ५० रुपयांचे ग्रीस आणि एक ब्रश हवा असतो.

आणखी एक गंमत सांगते. आमच्या एका संगणकावर कुठलीच वेबसाइट उघडत नव्हती. दर वेळी सुरक्षेची तंबी यायची. पाहिले तर त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती संपली की संगणक तारीख विसरतो. तारीख चुकली की वेबसाइटचे सुरक्षा-प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते. तालुक्याच्या दुकानात घड्याळवाल्याकडे ती बॅटरी मिळाली आणि तासाभरात संगणक सुरू झाला. दुरुस्तीवाल्याने मात्र आधीच सांगून ठेवले होते की हा डबा गेला, नवा घ्या.

आता प्रोसेसरच्या वेगाकडे वळू. १९७१ साली इंटेलने ४००४ हा आपला पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला, त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. २००६च्या जुलैत कोअर टू ड्युओ आला तेव्हा त्यात सुमारे २९ कोटी होते. मुलांना हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवले की त्यांचे डोळे मोठे होतात. पण वेगाची गोष्ट एवढी सरळ नाही. प्रोसेसरच्या आत एक ताल चालू असतो. तीन गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. २००४पर्यंत कंपन्या हे ठोके वाढवत नेत होत्या. मग उष्णता आवरेना. त्या वर्षी इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम-फोर आणण्याचा बेत सोडून दिला आणि एका चकतीत दोन, चार, सहा मेंदू बसवण्याचा मार्ग धरला. म्हणून आजही नव्या संगणकाच्या खोक्यावर गिगाहर्ट्झचा आकडा पाहिला तर तो जुन्यापेक्षा फार मोठा दिसत नाही. फरक असा की नवा प्रोसेसर प्रत्येक ठोक्यात जास्त काम उरकतो, त्याचे मेंदू जास्त असतात आणि तो वीज कमी खातो.

मग आमच्या कक्षातला संगणक सुरू व्हायला पाच-सहा मिनिटे का लागत? पहिल्या घंटेला बटण दाबले की हजेरी होईपर्यंत तो जागाच होत नसे. याचे कारण प्रोसेसर नव्हताच. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरते आणि एक सुई तिच्यावर इकडून तिकडे जाते. हवी ती माहिती शोधायला तिला सुमारे एक शतांश सेकंद लागतो. आपल्याला हा वेळ काहीच वाटत नाही, पण प्रोसेसर तेवढ्यात कोट्यवधी ठोके रिकामा बसून असतो. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते. तिथे हाच शोध शंभरपट लवकर लागतो. २०२३ साली माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि आम्ही दहाही संगणकांना दीड हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या छोट्या एसएसडी बसवल्या. रॅम चार जीबी केली. पाच मिनिटांचे काम पाऊण मिनिटावर आले. प्रोसेसर तोच, २००९च्या सुमाराचा. चेअरमन साहेब पाहायला आले तेव्हा त्यांना वाटले की नवे संगणक आणले.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग प्रश्नच कुठे आहे? जुने झकास चालते, नव्याची गरज काय? समितीतल्या काही जणांचे नेमके हेच म्हणणे पडले. पण हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझे मामू खाडीत मासेमारी करतात. त्यांच्या होडीला ट्रकचे जुने इंजिन बसवलेले आहे. एकदा मी त्यांना इंजिनाचे वय विचारले तर म्हणाले, "वय कशाला विचारतेस? पार्ट मिळतात का ते विचार." संगणकाचे पार्ट दोन प्रकारचे असतात, हाताला लागणारे आणि न लागणारे. कोअर टू ड्युओला लागणारी डीडीआर-टू रॅम आता नवी मिळणे कठीण, जुन्या बाजारात शोधावी लागते. पण त्याहून महत्त्वाचा पार्ट म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती, जी इंटरनेटवरून येत राहते. विंडोज १०ची ही नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मर्यादित काळाची मुदतवाढ घेण्याची सोय ठेवली होती, पण मुदतवाढ म्हणजे उत्तर नव्हे. विंडोज ११ ही २०२१मध्ये आली. तिच्या नियमानुसार टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आठवी पिढी आली २०१७मध्ये. म्हणजे आमचे दहाही संगणक त्या नियमात बसत नाहीत.

काही दुरुस्तीवाले युक्तीने "विंडोज ११ मारून" देतात. पण कोअर टू ड्युओवर तीही युक्ती आता चालत नाही आणि त्याचे कारण मोठे शिकण्यासारखे आहे. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञा समजतात, तो त्याचा शब्दसंग्रह म्हणा. एखाद्या संख्येत १ हा अंक किती वेळा आला ते मोज, अशी एक आज्ञा नंतरच्या प्रोसेसरांना थेट समजते. कोअर टू ड्युओला ती समजत नाही. २०२४ची विंडोज ११ची आवृत्ती ही आज्ञा वापरते, म्हणून ती या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. वेग कमी पडला असता तर वाट पाहिली असती. शब्दच ठाऊक नसेल तर वाट पाहून काय होणार? आमच्या आय-थ्रीला ती आज्ञा कळते. दोघांच्या वयात फार अंतर नाही, पण नशीब वेगळे.

सुरक्षेचा एक धोका तर प्रोसेसरच्या रचनेतच असतो. २०१८च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांचे दोष जगजाहीर झाले. पुढची आज्ञा काय असेल याचा अंदाज बांधून प्रोसेसर आधीच काम करून ठेवतो. त्या घाईत गुप्त माहितीच्या खुणा मागे राहतात, असा तो दोष. कार्यप्रणालीतून काही बंदोबस्त झाला, काही दुरुस्ती थेट प्रोसेसरसाठी काढावी लागली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इंटेलने स्पष्ट केले की काही जुन्या पिढ्यांसाठी ही दुरुस्ती निघणार नाही. म्हणून मी एक नियम घालून घेतला आहे. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, यू-डायस प्लस आणि सरल पोर्टलची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेचे व्यवहार यांतले काहीही कक्षातल्या जुन्या संगणकावर होत नाही. ते ऑफिसातल्या एकमेव नव्या लॅपटॉपवर होते. कुणाच्या पोराची माहिती आपल्या हाती अमानत असते, ती गळक्या डब्यात ठेवायची नसते.

मग कक्षातल्या संगणकांचे काय केले? त्यांच्यावर लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकली, तीही तिच्या हलक्या रूपात. तिची २०२४मध्ये आलेली २२वी आवृत्ती २०२९च्या एप्रिलपर्यंत सुरक्षेची दुरुस्ती देणार आहे आणि कोअर टू ड्युओवर ती चालते. एकच अट, प्रोसेसर ६४ बिटचा हवा. त्याआधीच्या ३२ बिटच्या संगणकांचा रस्ता इथेही बंद होत चालला आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये डेबियन या मोठ्या लिनक्स परिवाराने ३२ बिटच्या पीसीवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. म्हणजे म्हातारपणाची एक रेषा सगळीकडेच आहे, फक्त ती कुठे आखायची यात फरक आहे.

मुलांना या बदलाचा काही त्रास झाला नाही. टायपिंग, लिब्रे-ऑफिसमध्ये पत्रलेखन आणि तक्ते, जिओजेब्रावर भूमितीच्या आकृत्या, स्क्रॅचमध्ये छोटे खेळ तयार करणे हे सगळे चालते. स्क्रॅचची नवी आवृत्ती जड जाते, म्हणून २००९ची १.४ आवृत्ती ठेवली आहे. सातवीच्या मुलांना 'जर-तर' आणि 'पुन्हा पुन्हा कर' शिकायला तेवढी पुष्कळ झाली. पायथागोरसचा सिद्धांत जुन्या प्रोसेसरवर खोटा ठरत नाही.

अडचण येते ती इंटरनेटवर. आजची वेबसाइट म्हणजे जणू एक लग्नघर. मजकूर थोडा आणि मांडव, दिवे, वाजंत्री फार. ब्राउझरमध्ये चार पाने उघडली की चार जीबी रॅम भरते. व्हिडिओचेही तसेच. व्हिडिओ लहान जागेत मावावा म्हणून तो दाबून पाठवतात आणि पाहताना उलगडावा लागतो. नवे प्रोसेसर हे काम वेगळ्या खास भागाकडून करून घेतात. दाबण्याच्या नव्या पद्धती जुन्या प्रोसेसरला ठाऊक नसतात, मग तो बिचारा सगळी आकडेमोड स्वतः करतो, पंखा घोंघावू लागतो आणि चित्र अडखळते. आम्ही व्हिडिओचा दर्जा कमी करून पाहतो किंवा आधीच उतरवून ठेवतो.

उर्दूची तऱ्हा निराळी. आपली मराठी बालबोध लिपी एका ओळीत शिस्तीत उभी राहते. नस्तालीक लिपीत शब्द वरून खाली, तिरका उतरतो आणि शेजारचे अक्षर बदलले की अक्षराचा आकारही बदलतो. म्हणून तर कातिबांचा जमाना एवढा लांबला. १९८१मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने हजारो जोडशब्दांचे आकार संगणकात आणले आणि लाहोरचे 'जंग' त्या पद्धतीने छापले जाऊ लागले. पुढे १९९४ला इनपेज आले आणि गावोगावच्या छापखान्यांत उर्दू संगणकावर बसली. जुने इनपेज जुन्या संगणकावर उत्तम चालते, पण त्यातला मजकूर जसाच्या तसा वेबसाइटवर किंवा मोबाइलवर जात नाही. मुलांना शिकवायला हवी ती युनिकोड उर्दू. आणि युनिकोडमधला नस्तालीक फॉन्ट प्रत्येक शब्द नव्याने मांडतो. आमच्या कोअर टू ड्युओवर उर्दूचे लांबलचक वेबपान खाली सरकवले तर ते धक्के खात सरकते. त्याच मजकुराचा फॉन्ट बदलून साधा नस्ख केला की सुरळीत सरकते. तेव्हा जुना प्रोसेसर पुरेसा आहे की नाही, याचे उत्तर तुम्ही कोणत्या लिपीत लिहिता यावरही थोडे अवलंबून आहे!

विजेचा हिशेब मी मुलांकडूनच गणिताच्या तासाला करून घेतला. आमच्या विज्ञानाच्या सरांनी मीटर लावून पाहिले तर स्क्रीनसह एक जुना संगणक सुमारे ९० वॅट खात होता. दहा संगणक, रोज तीन तास, वर्षाचे २०० दिवस, म्हणजे ५४० युनिट. त्याजागी २५ वॅटचे लॅपटॉप असते तर १५० युनिट. वाचले ३९० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला ३,९०० रुपये. आता ३५ हजारांचा एक, असे दहा लॅपटॉप घ्यायला साडेतीन लाख लागतील. नुसत्या विजेच्या बचतीतून हे पैसे वसूल व्हायला जवळजवळ ९० वर्षे! मुले खूप हसली. पण तोच जुना संगणक एखाद्या दुकानात बिलासाठी किंवा कॅमेऱ्यांसाठी रात्रंदिवस चालू ठेवला तर एकटाच वर्षाला ७००हून अधिक युनिट खातो, म्हणजे सात-आठ हजार रुपये. तिथे जुना संगणक स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो. शिवाय पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर जुने संगणक अर्धा तासही टिकत नाहीत. हाही हिशेबातला खर्च आहे.

जुने वापरण्यामागे पर्यावरणाचेही एक कारण आहे. लॅपटॉप त्याच्या आयुष्यात हवेत जेवढा कार्बन सोडायला कारण होतो, त्यातला मोठा भाग तो तयार होतानाच सुटलेला असतो. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला तो चौथा हिस्साही नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. आपल्या देशातही २०२३च्या एप्रिलपासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. तरी गावचा संगणक अखेर जातो भंगारवाल्याकडे आणि कुठेतरी त्याच्या तारा जाळून तांबे काढले जाते, हे आपण सगळे जाणतो.

जुन्या प्रोसेसरची वकिली करणारे अवकाशाचा दाखला देतात. तो खोटा नाही. १९९९च्या डिसेंबरमध्ये हबल दुर्बिणीवर नवा संगणक बसवला तो ४८६ प्रोसेसरचा, घरोघरी पेंटियम आल्यानंतरचा काळ होता तो. २०१२मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीचा प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झचा, आमच्या कोअर टू ड्युओच्या पंधराव्या हिश्शाच्या तालाचा. २०२१ला उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सनेही त्याच जातीचा प्रोसेसर नेला. पण त्यांचे काम ठरलेले असते आणि प्रोसेसर त्या कामासाठी पारखून, किरणोत्सर्गाला टिकेल असा घडवून घेतलेला असतो. काम ठरलेले असेल तर प्रोसेसर म्हातारा होत नाही. ३८६ हा १९८५चा प्रोसेसर इंटेल २००७पर्यंत बनवत होते, ते अशाच ठरलेल्या कामाच्या यंत्रांसाठी. शाळेच्या किंवा घरच्या संगणकाचे काम असे बांधलेले नसते. इंटरनेट पुढे सरकले की त्यालाही फरफटत मागे जावे लागते.

हे सगळे तांत्रिक झाले. खरा पेच एका मुलीने घातला. आठवीच्या तासाला संगणकाच्या डब्यावरचे मुंबईच्या त्या ऑफिसचे फिकट झालेले लेबल वाचत ती म्हणाली, "टीचर, हे कुणीतरी टाकलेले आहेत ना?"

मी म्हटले, "हो. एका ऑफिसने काढलेले आहेत."

"त्यांना नको होते, मग आम्हाला का?"

वर्गात कुणी हसले नाही. पुढच्या तासाला मी एक डबा टेबलावर उघडला, पंखा काढला, ग्रीस पुसले आणि प्रत्येकीच्या तळहातावर तो प्रोसेसर ठेवून पाहू दिला. नव्या लॅपटॉपचे पोट मी त्यांना असे उघडून दाखवू शकले नसते. रॅम काढणे, बसवणे, धूळ झटकणे आता त्या मुलीच करतात. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिच्या हाताला तर दुरुस्तीचा गुण आहे. पण मला ठाऊक आहे की हे तिच्या प्रश्नाचे उत्तर झाले नाही. तिचा प्रश्न यंत्राबद्दल नव्हता. आपल्या वाट्याला नेहमी दुसऱ्याने काढलेलेच का यावे, असे ती विचारत होती.

म्हणूनच समितीत "चालतात ना, मग खर्च कशाला?" असे कुणी म्हणाले तेव्हा मला ते "सगळे भंगारात द्या" या म्हणण्यापेक्षाही घातक वाटले. भंगारात देणारा निदान कबूल करतो की मुलांना नवे हवे. "चालते आहे" म्हणणारा मुलांची गरजच पुसून टाकतो. याच मुली उद्या ऑनलाइन परीक्षांना बसणार, नोकरीच्या ठिकाणी आजच्या यंत्रांवर काम करणार. चित्र, ध्वनी, व्हिडिओ यांचे संपादन आणि आज सगळीकडे चाललेली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने यांची ओळख त्यांना अडखळत्या पडद्यावर कशी व्हायची? जुने यंत्र पाया घालायला पुरते. त्यावरच इमारत बांधून घ्या, असे मुलांना सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शेवटी मी समितीपुढे लेखी टिपण ठेवले. आय-थ्रीचे चार आणि कोअर टू ड्युओचे सहा, असे दहाही संगणक पाचवी ते आठवीच्या पायाभूत कामासाठी ठेवावेत. त्यांच्यावर सुरक्षेची दुरुस्ती मिळणारी कार्यप्रणालीच असावी आणि २०२९च्या एप्रिलनंतर, म्हणजे ती दुरुस्ती थांबल्यावर, ते इंटरनेटला जोडू नयेत. कुणाचीही खासगी माहिती त्यांच्यावर ठेवू नये. पुढे कुणी जुने संगणक देऊ केले तर आठव्या पिढीच्या मागचे घेऊ नयेत, आणि जे निकामी होतील ते भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच पाठवावेत. नववी-दहावीसाठी दरवर्षी निदान दोन नवे संगणक घेण्याची तरतूद अंदाजपत्रकात असावी. एकदम दहा मागितले तर एकही येत नाही, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे.

पिढी ओळखण्याची रीतही त्या टिपणात लिहिली, ती इथे सांगते, कारण सेकंडहँड बाजारात "आय-सेव्हन आहे" एवढेच सांगून माल खपवला जातो. आय-थ्री किंवा आय-सेव्हनच्या पुढे जो आकडा असतो तो पाहावा. २६०० असेल तर दुसरी पिढी, ८१०० असेल तर आठवी. आकडा पाच अंकी असेल आणि १०, ११, १२ असा सुरू होत असेल तर ते दोन अंक मिळून पिढी. २०११चा दुसऱ्या पिढीचा आय-सेव्हन २६०० आणि २०१७चा आठव्या पिढीचा आय-थ्री ८१०० शेजारी ठेवले तर एकेका मेंदूच्या वेगात आय-थ्री पुढे निघतो, वीजही कमी खातो आणि विंडोज ११च्या नियमातही बसतो. नाव मोठे असून भागत नाही.

टिपणावर चर्चा झाली. चेअरमन साहेबांनी दोन संगणकांची तरतूद या वर्षापुरती मान्य केली, पुढच्या वर्षाचे पुढे पाहू म्हणाले. दरवर्षी मला हे टिपण पुन्हा मांडावे लागणार हे उघड आहे आणि मी ते मांडणार आहे. जुने यंत्र किती दिवस चालवायचे याचा हिशेब आपण घालू शकतो, तो घालायला शिकले पाहिजे. तो हिशेब आपणच घातला तर जुने वापरण्यात कमीपणा नाही. आपल्या मुलांसाठी तो दुसऱ्या कुणीतरी परस्पर घालून मोकळे व्हावे, एवढे मात्र होऊ देता कामा नये.